प्लँचेटचे वंशज

फेब्रुवारी २०१४मध्ये एका निनावी ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ‘पोकेमॉन रेड’ हा गेमबॉयवरचा जुना खेळ ट्विच या साइटवर लावून दिला आणि त्याची बटणं जगाच्या हवाली केली. चॅटमध्ये कुणीही ‘अप’, ‘डाउन’, ‘ए’, ‘बी’ असं टाइप करायचं, प्रोग्राम ते वाचणार आणि पडद्यावरचा मुलगा तसा हलणार. खेळणारे एकमेकांना पूर्ण अनोळखी. गर्दीच्या ऐन भरात एक लाख वीस हजारांवर लोक एकाच वेळी तिथे हजर होते. भिंतींवर आपटत, जागच्या जागी गोल फिरत, थैलीतल्या वस्तू पुन्हा पुन्हा उघडून बघत तो मुलगा पुढे सरकत राहिला आणि १ मार्चला, सोळा दिवसांहून थोड्या अधिक वेळात, खेळ चक्क पूर्ण झाला. तोवर ११ लाखांहून जास्त माणसांचा हात त्याला लागला होता.

अनोळखी लोकांनी मिळून खेळायच्या या इंटरनेटवरच्या प्रयोगांची वंशावळ सांगताना सहसा विकिपीडियाचं नाव घेतलं जातं, २००५चं ‘मिलियन डॉलर होमपेज’ आठवलं जातं, अभ्यासू माणूस असेल तर तो गाल्टनच्या बैलापर्यंत मागे जातो. माझं मत वेगळं आहे. या कुळाचा मूळपुरुष प्लँचेट आहे, आपल्याकडे उपड्या वाटीवर बोटं ठेवून करतात तेच. आणि हे मी केवळ साम्यावरून म्हणत नाही. मधला दुवा सापडतो, तोही कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या रोबोशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

केन गोल्डबर्ग हे तिथले प्राध्यापक. शास्त्रज्ञही आणि कलावंतही. १९९४मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूने भरलेल्या पेटीवर रोबोचा हात बसवला. इंटरनेटवरून कुणीही तो चालवायचा, हवेच्या झोताने वाळू उडवायची आणि खाली पुरलेल्या वस्तू शोधायच्या. १९९५मध्ये ‘टेलिगार्डन’ आलं. ती खरोखरीची बाग होती आणि दूरदेशी बसलेली माणसं रोबोकरवी तिच्यात बी पेरत, पाणी घालत. पुढे ती बाग ऑस्ट्रियातल्या लिंट्स शहरी गेली आणि २००४पर्यंत टिकली. या दोन्ही प्रयोगांत लोक पुष्कळ असले तरी प्रत्येकाची कृती वेगळी मोजता येत होती. मी पेरलं, तू पाणी घातलंस.

मग २०००मध्ये गोल्डबर्ग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका रोबोच्या हाताला प्लँचेट दिलं. कामाचं नाव ‘विजा २०००’. विजा बोर्ड म्हणजे अक्षरं छापलेली फळी. त्यांच्या फळीवर प्लँचेट सरकवणारा हात कारखान्यातल्या रोबोचा होता आणि त्याला हलवणारी माणसं आपापल्या घरी माऊस धरून बसलेली. प्रत्येकाचा माऊस कोणत्या दिशेला, किती जोराने सरकतो ते सर्व्हरकडे जाई. सर्व्हर सगळ्यांच्या हालचाली एकत्र करून त्यातून एकच हालचाल काढी. रोबो तेवढीच करी, आणि वर लावलेल्या कॅमेऱ्यातून ती सगळ्यांना दिसे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात हे काम मांडलं गेलं. तंत्राबद्दलचा शोधनिबंध त्याच वर्षी रोबोशास्त्राच्या परिषदेत आला. इंटरनेटवरून अनेकांनी एकाच वेळी मिळून चालवलेला आपल्या माहितीतला हा पहिला रोबो, असा लेखकांचा त्यात दावा आहे.

अनेकांच्या इच्छेने एक यंत्र हलवायचं, हा निखळ अभियांत्रिकीचा प्रश्न. तो सोडवताना नमुना म्हणून त्यांनी संसद घेतली नाही, रस्सीखेच घेतली नाही, प्लँचेट घेतलं. हे वाचलं त्या क्षणी माझ्या डोक्यात ही सगळी वंशावळ जुळली.

आता मुळाकडे. अमेरिकेत १८४८मध्ये फॉक्स भगिनींच्या घरातल्या टकटकीपासून आत्म्यांशी बोलण्याचं वेड सुरू झालं आणि १८५३मध्ये ते युरोपभर पसरलं. माणसं गोल टेबलाभोवती बसत, हात टेकवत आणि टेबल फिरू लागे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये चाकं लावलेली, पेन्सिल खोचलेली छोटी फळी आली, तीच प्लँचेट. प्लँचेट नावाच्या कुणा फ्रेंच गृहस्थाने ती शोधली अशी एक कथा पुस्तकांतून फिरत असते. ती खुशाल सोडून द्यावी, कारण फ्रेंचमध्ये प्लँचेट म्हणजे नुसती फळकुटी. अक्षरांच्या फळीचं पेटंट अमेरिकेत १८९१मध्ये एलायजा बाँड यांच्या नावे झालं. १९६६मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ विकणाऱ्या कंपनीने ती घेतली आणि मुलांच्या खेळण्यांच्या दुकानांत नेली.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा माणूस मायकल फॅरडे. विजेच्या शोधांनी जगभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ १८५३च्या उन्हाळ्यात टेबलं कशी फिरतात ते शोधत बसला होता. त्याने जाड गुळगुळीत पुठ्ठ्याचे चार-पाच तुकडे एकावर एक रचले. मध्ये मेण आणि टर्पेंटाइनच्या मऊ लुकणाच्या गोळ्या घातल्या, म्हणजे तुकडे चिकटून तर राहतील, पण सतत जोर लागला तर एकमेकांवरून हळूच घसरतील. सगळ्यांत खालचा तुकडा टेबलावर पक्का बसवला, वरच्यावर माणसांना हात ठेवायला सांगितलं आणि तुकड्यांची मूळ जागा कळावी म्हणून पेन्सिलीने खूण केली. टेबल हातांना ओढून नेत असेल तर खालचे तुकडे पुढे गेलेले दिसायला हवेत. दिसलं उलट. वरचे तुकडे पुढे गेले होते. म्हणजे हात आधी सरकले, टेबल मागून आलं. हात ठेवणारी माणसं प्रामाणिक होती. आपण खाली दाबतो आहोत एवढंच त्यांना वाटत होतं. आपण बाजूला ढकलतो आहोत हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

यापुढची पायरी तर फार सुंदर आहे. फॅरडेने एक हलकी काडी अशी बसवली की हात जरा बाजूला ढकलू लागला की ती कलायची. ही काडी बसणाऱ्यांना दिसत नसे तेव्हा टेबल पूर्वीसारखं फिरे. ती त्यांच्या नजरेसमोर ठेवली की टेबल थांबे. आपला वाटा डोळ्यांना दिसला की तो देणं बंद होतं.

नकळत होणाऱ्या अशा हालचालीला आदल्याच वर्षी, १८५२मध्ये, ‘आयडिओमोटर’ हे नाव देणारा वैद्य होता विल्यम कार्पेंटर. हे आडनाव लक्षात ठेवा.

आपल्याकडे ज्यांनी वाटीचं प्लँचेट पाहिलं आहे त्यांना काडीची गरज नाही. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली अक्षरं गोलात मांडलेली, मध्ये उपडी वाटी, तिच्यावर तीन-चार जणांची बोटं. वाटी ‘क’कडे निघते आणि कुणीतरी म्हणतंच, “अगं ढकलू नकोस.” “मी कुठे ढकलतेय? तूच ओढतोयस!” दोघंही खरं बोलत असतात.

आता पोकेमॉनकडे परत या. ट्विचवर टाइप केलेल्या सूचनेचा परिणाम पडद्यावर यायला वीस-वीस सेकंद आणि जास्तही उशीर होई. मधल्या वेळात हजारो सूचना येऊन गेलेल्या. त्यामुळे मुलगा डावीकडे वळला तो माझ्या ‘लेफ्ट’मुळे की दुसऱ्या कुणाच्या, हे कळायची सोयच नव्हती. फॅरडेची काडी झाकलेली! लगेच वाटीवरचं भांडणही सुरू झालं: कुणी मुद्दाम चुकीची बटणं दाबतंय, कुणी बॉट सोडलेत. खेळ एका भुलभुलैयात अडकला तेव्हा निर्मात्याने मतमोजणीची सोय केली. ठरावीक वेळात ज्या सूचनेला जास्त मतं तीच चालेल. त्या पद्धतीला ‘डेमोक्रसी’ म्हणू लागले आणि आधीच्या गोंधळाला ‘अनार्की’. खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी डेमोक्रसीविरुद्ध बंड केलं. मोजणी आली की जादू जाते, हे त्यांना बरोबर जाणवलं होतं.

याहूनही बोलका पुरावा म्हणजे शंखाचा जीवाश्म. ‘हेलिक्स फॉसिल’ ही वस्तू त्या थैलीत निरुपयोगी पडून होती. आंधळ्या बटणांमुळे ती पुन्हा पुन्हा उघडली जाई. तेव्हा गर्दीने ठरवलं की मुलगा तिचा सल्ला घेतो आहे. दोन-चार दिवसांत तो शंख देव झाला, त्याची चित्रं निघाली, त्याच्याभोवती पुराण रचलं गेलं. सगळ्यांच्या हातांनी हललेल्या वस्तूमागे कुणीतरी एक बोलतोय, असं माणसाला वाटतंच. १८५३मध्ये तो आत्मा होता, २०१४मध्ये शंखदेव.

प्रतिस्पर्धी मतांचाही समाचार घ्यायला हवा. फ्रान्सिस गाल्टनने १९०६च्या प्लिमथमधल्या जनावरांच्या प्रदर्शनातले अंदाज तपासले. तिथे सहा पेन्सचं तिकीट घेऊन बैलाच्या सोललेल्या धडाचं वजन ओळखायची पैज होती. ग्राह्य तिकिटं ७८७. त्यांतला मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, खरं वजन ११९८ पौंड. समूहाच्या शहाणपणाची कुठलीही चर्चा या बैलापासून सुरू होते. पण आपल्या खेळाचा तो पूर्वज नव्हे. तिकीट भरणाऱ्याला दुसऱ्याचा अंदाज माहीत नव्हता, बेरीज झाली ती प्रदर्शन उठल्यावर, आणि कुणाच्याही हातून काहीही हललं नाही. बैलाला फक्त मोजलं गेलं.

दुसरं मत जास्त भक्कम आहे. १९९१मध्ये लास व्हेगासला संगणकीय चित्रकलेच्या ‘सिग्राफ’ परिषदेत पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक, लॉरेन कार्पेंटर, यांनी सुमारे पाच हजार प्रेक्षकांच्या हाती एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी अशी चकचकीत पट्टी दिली. कॅमेरा सभागृहातले रंग टिपणार, संगणक त्यांचं प्रमाण काढणार आणि त्यावर पडद्यावरची ‘पाँग’ची बॅट वर-खाली होणार. डावं सभागृह विरुद्ध उजवं. सरावाशिवाय, कॅप्टनशिवाय ती माणसं खेळू लागली. नंतर त्यांनी मिळून पडद्यावरचं विमानही उडवलं. केव्हिन केली यांनी १९९४च्या ‘आउट ऑफ कंट्रोल’ या पुस्तकात हा प्रसंग तपशीलवार लिहिला आहे. मग हाच मूळपुरुष का नको? कारण हा मधला वंशज आहे. सुरुवातीला कार्पेंटरनी प्रत्येकाला पडद्यावर आपला ठिपका शोधू दिला, पण खेळ सुरू झाल्यावर उरलं ते प्रमाण, आणि पाच हजारांतला एक ठिपका बॅट किती हलवतो हे कुणालाच कळेना. वाटी तीच, बोटं वाढली. गोल्डबर्ग यांच्या शोधनिबंधात कार्पेंटरच्या या पद्धतीचा पूर्वीचं काम म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. एका कार्पेंटरने प्लँचेटचं कारण सांगितलं, दुसऱ्याने सभागृहाएवढं प्लँचेट बांधलं. हा योगायोगच, पण मला फार आवडतो.

ट्विचवरच्या पोकेमॉन प्रयोगाच्या निर्मात्याने स्वतः प्रेरणा म्हणून ‘सॉल्टी बेट’ या पैजा लावायच्या ट्विच चॅनेलचं नाव घेतलं आहे, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण तिथून आली ती फार तर प्रेक्षकांना खेळात सामील करून घ्यायची युक्ती. सगळ्यांचा हात एकाच वस्तूवर, ही कल्पना तिथे नव्हती. ती ज्या पिढ्या विजा बोर्ड खेळण्यांच्या दुकानात बघत वाढल्या त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, असं मी ठामपणे म्हणतो. रेडिट या साइटवर ‘आस्कविजा’ नावाचा विभाग गाजला तोही २०१०च्या दशकातच. कुणीतरी प्रश्न विचारायचा, अनोळखी लोकांनी एकेक अक्षर जोडत उत्तर रचायचं आणि शेवटी कुणीतरी ‘गुडबाय’ लिहायचं, अगदी फळीवर छापलेला असतो तसा.

एक शाखा मात्र माझ्या वंशावळीत बसत नाही. रेडिटवर १ एप्रिल २०१७ला सुरू झालेला ‘प्लेस’. त्यामागे जॉश वॉर्डल होते, ‘द बटन’ आणि पुढे ‘वर्डल’ करणारे. हजार गुणिले हजार चौकोनांचा कोरा फलक, सोळा रंग, एक चौकोन रंगवला की काही मिनिटं थांबायचं, आणि हे बहात्तर तास. दहा लाखांवर लोकांनी सुमारे एक कोटी साठ लाख चौकोन रंगवले. पण इथे माझा चौकोन मला दिसतो. काडी उघडी आहे. म्हणून ‘प्लेस’चं कूळ मी पॅरिसच्या सर्रिअलिस्टांकडे देतो. १९२५च्या सुमारास कागदाची घडी घालून, आधीच्याचं चित्र झाकून, प्रत्येकाने पुढचा तुकडा काढायचा खेळ ते खेळत. तिथेही प्रत्येकाचा तुकडा वेगळा राहतो, चित्र सगळ्यांचं होतं. २०२४चं ‘वन मिलियन चेकबॉक्सेस’ही याच घरातलं, कारण तिथेही टिक केलेला खण डोळ्यांसमोर राहतो, दुसऱ्या कुणी येऊन तो पुसेपर्यंत.

महाराष्ट्रात प्लँचेटच्या बैठकींच्या वह्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील तर त्या रद्दीत घालू नका. कोणता आत्मा आला आणि काय म्हणाला हे मला त्यांत बघायचं नाही. वाटीवर त्या दिवशी कुणाकुणाची बोटं होती, ती नावं लिहिलेली असली तर ते पान आधी जपून ठेवा आणि वही जवळच्या जुन्या ग्रंथालयाकडे सोपवा.