पिठ्याचा मालक

दारूचा पिठा गावाइतकाच जुना, असा आपला समज. ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांबाबत तो टिकत नाही. तिथे मोह रानातला, मडके घरचे. लग्नाला, मयताला दारू लागे. पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना. पिण्यासाठी दुकानाची गरज नव्हती, म्हणून मालकही नव्हता.

मालक आणला 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने. भट्ट्या सरकारी देखरेखीखाली गेल्या आणि विक्रीचे मक्ते दिले गेले. या भागात ते बहुतेक पारशी व्यापाऱ्यांकडे होते. ताडीच्या झाडांवरचा कर भंडाऱ्यांना जड गेला, तो वेगळाच विषय. 1892 साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचाच कायदा झाला. मोहफूल हे दारूआधी गरिबाचे उन्हाळ्यातले अन्न. त्याच्या साठ्यावर सरकारने बंधन घातले!

आता दारू विकतच घ्यायची, आणि पैसा तर हाती नाही. पिठेवाला उधारीवर देई. वहीतला आकडा फेडायला आधी भात जाई, मग गवत, मग जमीन. अशा रीतीने काही पिठेवाले जमीनदार झाले. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावचे वारली वेठीविरुद्ध उठले, तेव्हा समोरच्या जमीनदारांत पारशीही होते.

1949 च्या दारूबंदी कायद्याने पिठे बंद केले. वहीवर गेलेल्या जमिनीबद्दल त्यात अक्षर नव्हते. मोहाचे मडके मात्र पुन्हा रानात गेले. तिथे आता त्याला हातभट्टी म्हणतात आणि पोलीस ते फोडतात.