डोकं आपटणाऱ्या मुलाला काय सांगायचं असतं?

स्वमग्न मूल डोकं आपटू लागलं, स्वतःच्या हाताला चावू लागलं की आजही 'हट्टी आहे, लाडावलंय' असं बोललं जातं. १९६०च्या दशकात अमेरिकेतले तज्ज्ञ तर याहून कठोर होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ईव्हार लोव्हास यांनी असं वर्तन थांबवायला विजेचे झटकेसुद्धा दिले. वर्तन थांबायचं; पण मुलाला काय हवं होतं, हे कुणी विचारायचं नाही.

ते मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी विचारलं. मूल स्वतःला इजा करतं त्यामागे लक्ष वेधणं, नकोसं काम टाळणं, त्या संवेदनेचीच ओढ अशी निरनिराळी कारणं असू शकतात, हे त्यांनी १९७७ मध्ये मांडलं. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी ती कारणं पद्धतशीर शोधायची रीत घालून दिली.

मग १९८५ मध्ये कार आणि मार्क डुरांड यांनी चार मुलांना चित्रं ओळखायला बसवलं. चित्रं अवघड झाली की कुणी बिथरायचं, मोठ्यांचं लक्ष कमी झालं की कुणी. पहिल्याला 'मला समजत नाही' म्हणायला शिकवलं; म्हटलं की लगेच मदत. दुसऱ्याला 'मी नीट करतोय ना?', विचारलं की लगेच शाबासकी. मारणं, चावणं, आकांत झपाट्यानं कमी झाला. मला मोलाचं वाटतं ते पुढचं: कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. नुसतं बोलायला येऊन भागत नाही. नेमकं हवं ते मागता यायला हवं.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी त्याच सुमारास डेलावेअरमध्ये चित्र हातात देऊन मागण्याची पद्धत बसवली. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हे टॅबलेटवरचं अ‍ॅपही चित्रांवरूनच बोलतं.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. मूल बिथरण्याच्या अगदी आधी काय घडलं आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं, हे काही दिवस लिहून ठेवा. मग चावण्यापेक्षा सोपी अशी खूण किंवा चित्र शिकवा. त्यानं चित्र दिल्यावर सुरुवातीला तरी 'थांब जरा' म्हणू नका. नाहीतर ते पुन्हा चावण्याकडे वळेल; चावल्यावर आपण धावतो, हे त्याला माहीत असतं. आणि पाणी, खाऊ यांच्या चित्रांबरोबर 'नको'चं चित्रही त्याच्या हाताशी राहू द्या.