खेकडा, मगर आणि ८ मिलिमीटरची खुंटी

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांपासून स्वतः चालणारे, आवाज करणारे, दिवे लावणारे रेल्वे इंजिन बांधण्याच्या कलेला दोन घराणी आहेत. एक सुताराच्या दुकानातून आले, दुसरे घाटातून. पहिल्याचे मूळ गाव डेन्मार्कमधले बिलुंड. दुसऱ्याचा एक पाय स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर आहे आणि दुसरा नाशिक जिल्ह्याच्या वेशीवर, कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळ घाटात.

बिलुंडचा सुतार ओले कर्क क्रिस्टियन्सन याने १९३२ मध्ये, मंदीमुळे बांधकामाची कामे आटल्यावर, लाकडी खेळणी करायला घेतली. लेगो हे नाव ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून पडले. १९४९ मध्ये या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे बाहेर पडू लागले. त्यांचा नमुना मात्र इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट ठोकळ्यांवरून घेतलेला होता. हे ठोकळे एकमेकांवर बसत, पण एकमेकांना धरून ठेवत नसत. उपाय ठोकळ्याच्या पोटात सापडला. २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झालेल्या पेटंटात ठोकळ्याच्या आत पोकळ नळ्या आल्या आणि खालच्या ठोकळ्याच्या माथ्यावरच्या खुंट्या नळी व भिंत यांच्या बेचक्यात घट्ट बसू लागल्या. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत ८ मिलिमीटर (बांधणाऱ्यांच्या मोजणीत हीच ‘एक खुंटी’), ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची जाडी तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३.२ मिलिमीटर. ही मापे आजही तीच आहेत, आणि इंजिन बांधणाऱ्याची सारी झटापट त्यांच्याशीच असते.

ठोकळ्यांची विजेवर चालणारी पहिली गाडी १९६६ मध्ये आली. तिचे रूळ निळे होते, मोटर साडेचार व्होल्टची, आणि बॅटरी गाडीतच ठेवलेली असे. त्या दशकाच्या अखेरीस एक गमतीचा संच निघाला. त्यातले इंजिन शिट्टी ऐकून सुटायचे आणि शिट्टी ऐकूनच थांबायचे. खऱ्या रेल्वेत शिट्टी इंजिन मारते. इथे ती मुलाने मारायची होती. ठोकळ्यांच्या इंजिनाचा आवाजाशी आलेला पहिला संबंध असा उलटा आहे.

पुढे १२ व्होल्टची गाडी आली. तिला वीज रुळांमधल्या वेगळ्या पट्टीतून मिळे. १९८० नंतर या पद्धतीत दुरून हलणारे सांधे आणि सिग्नलही मिळू लागले. १९९१ मध्ये ९ व्होल्टची पद्धत आली आणि धातूचे आवरण असलेल्या रुळांतूनच वीज वाहू लागली. रुळांतून येणाऱ्या विजेत एक खोट आहे. गाडीचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावे लागते आणि गाडी थांबवायची तर शून्यावर आणावे लागते. म्हणजे इंजिन फलाटावर उभे राहिले की दिवे विझणार आणि आवाजाच्या यंत्राचा श्वास कोंडणार. खरे इंजिन उभे असतानाच सर्वांत जास्त बोलते, हे इगतपुरीच्या फलाटावर पाच मिनिटे थांबलेल्या कोणालाही ठाऊक असते. २००६ मध्ये बॅटरी पुन्हा गाडीत आली आणि तिच्यासोबत इन्फ्रारेडवर चालणारी यंत्रणा आली, २०१८ मध्ये ब्लूटूथवर चालणारी. चाळीस वर्षांनी गाडी फिरून मूळ जागी आली, आणि या परतीमुळेच उभ्या इंजिनाला दिवा व आवाज देणे सोपे झाले.

छोट्या प्रतिकृतींच्या रेल्वेने हा प्रश्न आधीच सोडवला होता. अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये दुरून वाजवता येणारी शिट्टी टेंडरमध्ये बसवली. १९९० च्या दशकात रुळांतून कायम पूर्ण व्होल्टेज आणि त्यावर स्वार होऊन जाणारे अंकीय हुकूम, अशी पद्धत प्रमाण ठरली. नंतर इंजिनाच्या पोटात बसणाऱ्या, ध्वनिमुद्रित आवाज काढणाऱ्या चिपा निघाल्या. महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत जाणते घर पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या संग्रहातून कोथरूडमध्ये उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तिथल्या शहरात दिवस मावळतो, दिवे लागतात, सिग्नल बदलतात. ते काम मात्र तयार, बारीक ओतकामाच्या गाड्यांचे आहे. ठोकळ्यांची गोष्ट वेगळी, कारण ठोकळा हुबेहूबपणाला मुळातच नकार देतो.

आता घाटाचे घराणे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी कसाऱ्याहून इगतपुरीला पोहोचली ती १ जानेवारी १८६५ रोजी. सुमारे १५ किलोमीटरांत जवळजवळ ३०० मीटर चढ, आणि जिथे तो सर्वांत तीव्र आहे तिथे प्रमाण १:३७. वाफेच्या इंजिनांनी हा चढ सहा दशके रडतखडत पेलला. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावल्यानंतर १५०० व्होल्ट डीसीच्या तारा घाटांकडे सरकल्या आणि १९३० पर्यंत त्या इगतपुरीला भिडल्या. मालगाड्या ओढण्यासाठी आणलेली इंजिने मूळ नावाने ईएफ/१, पुढे डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१, त्यांतली पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बांधली गेली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत.

विंटरथूरच्या त्याच कारखान्याने १९१९ पासून गोटहार्ड मार्गासाठी एक विचित्र इंजिन बांधले होते. मधे चालकाची खोली आणि दोन्ही बाजूंना लांब, बुटकी नाके. वळणावर तिन्ही भाग सापासारखे वळत. स्विस लोकांनी त्याला मगर म्हटले. थळ घाटातले इंजिन हे तिचेच भावंड. अंगकाठी तीच: दोन नाके, मधे खोली, खाली तीन-तीन आसांचे दोन गाडे आणि चाकांना जोडणारे आडवे दांडे. मात्र इथल्या रेल्वे कामगारांना त्यात मगर दिसली नाही. त्यांनी त्याचे नाव खेकडा ठेवले. चाकांबरोबर खालीवर होणारे दांडे पाहिले की हे नाव पायांवरून पडले असावे असेच कोणालाही वाटेल. नोंद मात्र आवाजाची आहे: इंजिन उभे असताना येणारे कण्हणे आणि चालताना दांड्यांची सळसळ. एकाच कुळातल्या दोन यंत्रांपैकी एकाचे नाव रूपावरून पडले, दुसऱ्याचे आवाजावरून.

मगर खेळण्यांच्या दुकानात लवकर पोहोचली. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १९४७ मध्ये तिची छोटी आवृत्ती काढली आणि ती संग्राहकांचा जीव की प्राण झाली. लेगोने २०२० मध्ये १,२७१ तुकड्यांची मगर विकायला काढली. मोटर तीत नव्हती, पण बसवायची सोय होती. खेकड्याला असे भाग्य लाभले नाही. तो ज्याला हवा त्याने स्वतःच बांधायचा.

बांधायला बसल्यावर पहिला हिशेब रुळांचा. ठोकळ्यांच्या रुळांमधले आतले अंतर ३७.५ मिलिमीटर. युरोपचा रूळमार्ग १,४३५ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण सुमारे १:३८. त्या प्रमाणाने युरोपीय इंजिन जवळजवळ दहा खुंट्या रुंद व्हायला हवे. बांधणारे ते सहा किंवा आठ खुंट्यांत उरकतात आणि इंजिन रुळांवर किडकिडीत दिसते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्याने प्रमाण १:४५ च्या आसपास येते, आणि तीन मीटरांहून थोडे रुंद असलेले भारतीय इंजिन साडेआठ खुंट्यांत बसते. बिलुंडमध्ये माप ठरवताना इगतपुरीचा विचार कोणी केला नव्हता, तरी ते इगतपुरीलाच जास्त शोभते. खेकड्याची लांबी सुमारे २० मीटर. मॉडेलमध्ये ती ४५ सेंटिमीटर, म्हणजे ५६ खुंट्या होते.

दुसरा योगायोग चढाचा. ठोकळ्यांच्या सरळ रुळाचा एक तुकडा १६ खुंट्यांचा, १२८ मिलिमीटर लांब. प्रत्येक तुकड्यामागे एक पातळ पट्टी उंची वाढवत नेली तर चढ १:४० चा होतो. घरातल्या घरात थळ घाट! त्या चढावर प्लॅस्टिकची चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून चालत्या चाकांना रबरी कडी बसवतात, बॅटरीचे वजन त्यांच्यावर आणतात, आणि डबे वाढले की कसाऱ्याला मालगाडीमागे बँकर लावतात तसे दुसरे इंजिन मागून लावतात. दोन्ही मोटरींचा वेग जुळला नाही तर मधले डबे रुळांवरून उतरतात. खऱ्या घाटातही पुढचा आणि मागचा चालक यांचे जमणे हीच बँकरच्या कामातली मेख आहे.

वळणाच्या बाबतीत खेकडा मॉडेलकाराला अनुकूल आहे. ठोकळ्यांच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० खुंट्या, ३२० मिलिमीटर. प्रमाण लावले तर ती खऱ्या जगात १४ मीटरांची होते. एवढ्या कोपऱ्यात रिक्षा वळेल, मालगाडीचे इंजिन नाही. लांब, अखंड अंगाच्या इंजिनाची टोके अशा वळणावर भलतीकडे लोंबतात. खेकड्याची नाके गाड्यांबरोबर वळतात आणि मधली खोली दोन्हींवर टेकलेली राहते. घाटातल्या वळणांसाठी केलेली रचना दिवाणखान्यातही कामी येते.

दांड्यांचे काम मात्र छळते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या चाकांवरचे खिळे एकमेकांशी ९० अंशांत ठेवावे लागतात. दोन्ही एकाच वेळी आडव्या रेषेत आले तर दांड्याला चाक कोणत्या बाजूला ढकलायचे ते कळत नाही आणि इंजिन अडते. आसाच्या भोकाचे रूप अधिक चिन्हासारखे असल्यामुळे हे ९० अंश ठोकळ्यांत आपोआप मिळतात, पण एका बाजूला आस चुकून एक घर पुढे गेला की सगळे पुन्हा उकलावे लागते.

मोटर आणि बॅटरीबाबत एक बारीक साम्य आहे. स्विस मगर एसीवर चालायची, खेकडा डीसीवर, आणि खेळण्यातली मोटरही डीसीचीच. कार्बनचे ब्रश, कम्युटेटर, गुंडाळ्या हा सारा संसार तोच. नाशिक रोडच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमध्ये टनावारी वजनाच्या कर्षण मोटरी ज्या तत्त्वावर दुरुस्त होत आल्या, त्याच तत्त्वावर तळहातावरची ही मोटर फिरते. सहा पेन्सिल सेलांची बॅटरी तिला ९ व्होल्ट देते.

दिव्यांसाठी एलईडी वापरतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात, उरलेले ६ व्होल्ट वाटेतल्या रोधाने गिळायचे असतात. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर रोध ६०० ओहमचा. जुन्या इंजिनाच्या हेडलाइटला पांढरा एलईडी लावला तर तो आजच्या गाडीचा वाटतो. पिवळसर एलईडी घेऊन त्याचा उजेड उमलत आणि मावळत नेला तर जुना तंतुदीप भासतो. दिशा बदलली की पुढचा पांढरा मागे आणि मागचा लाल पुढे जायला हवा, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्याला सर्वांत आधी खटकते.

आवाजासाठी लेगोच्या मोठ्या गाड्यांच्या संचांत स्पीकर नसतो. २०१८ मध्ये तो मिळाला तो लहान मुलांच्या डुप्लो गाडीला. मोठ्यांची ही गरज बाहेरच्या उत्पादकांनी भागवली. कॅनडाच्या एफएक्स ब्रिक्सने ठोकळ्याच्याच आकारात मोटर, दिवे आणि ध्वनी सांभाळणारी पेटी बनवली. भारतात परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. त्यामुळे इथे स्वस्तातला मार्ग म्हणजे एमपी-३ वाजवणारे छोटे मॉड्यूल, मेमरी कार्ड आणि दोन-तीन सेंटिमीटरचा स्पीकर. एवढ्याशा स्पीकरमधून घनगंभीर आवाज येत नाही. तो उघडा ठेवला तर पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते, म्हणून त्याला बंद पेटी लागते. खेकड्याचे पोकळ नाक ही आयती पेटी आहे.

प्रश्न उरतो वाजवायचे काय. दोन खेकडे जपलेले आहेत. ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, दुसरा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात. टेप घेऊन जाणाऱ्याला तिथे सगळी मापे मिळतात, आवाज मिळत नाही. इंजिने थंड आहेत, आणि ज्या १५०० व्होल्ट डीसीवर ती चालत त्याचा मुंबई परिसरातला शेवटचा तुकडाही २०१६ मध्ये एसीवर गेला. त्यामुळे हा आवाज जुळवावा लागतो. तळाला मोटर-पंख्यांची सलग घुमी, ती उभे असतानाही चालू. तिच्यावर दांड्यांची सळसळ, आणि ती चाकाच्या फेऱ्याशी बांधलेली. खऱ्या चाकाचा व्यास सुमारे १.२ मीटर धरला तर ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला जवळपास तीन फेरे होतात. मॉडेलमध्ये मोटरीला जाणाऱ्या हुकमावरून किंवा चाकाजवळ बसवलेल्या चुंबकी संवेदकावरून हा ताल धरतात. संवेदक बरा, कारण चढावर चाके घसरू लागली की सळसळही त्यांच्याबरोबर भरकटते.