कोकमाची बी कचरा कधी झाली?

'अपसायकल्ड' हा शब्द हल्ली क्रीम आणि लिप बामच्या डब्यांवर फार दिसायला लागलाय. अर्थ साधा आहे. फळाचा रस, पल्प किंवा वाइन काढून झाल्यावर जे उरतं, म्हणजे साली, कोयी, बिया, त्यातून त्वचेसाठी कामाचं काहीतरी काढायचं. द्राक्षाच्या बियांचं तेल, जर्दाळूच्या बियांचं तेल, आंब्याच्या कोयीचं बटर ही सगळी याच घराण्यातली. कल्पना चांगली आहे, वादच नाही. पण सांगणाऱ्याचा सूर असा असतो की हे परवाच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. म्हणून या वीकेंडला एका बीची गोष्ट. आपल्याच कोकमाची.

एप्रिल-मे महिन्यात कोकणात रातांबे पिकतात. गोव्यात याच फळाला भिरंड म्हणतात. फळ फोडलं की साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. साली गराच्या आंबट रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं बरेच दिवस चालतं, तेव्हा कुठे आपल्या आमटीतलं काळंभोर आमसूल तयार होतं. रसाचं आगळ, सालींचं साखर घालून अमृत कोकम. आणि बिया? त्या उरतात.

जुन्या घरांतून या बिया कुणी फेकत नसे. त्या धुऊन वाळवायच्या, टरफल काढून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल पाण्यावर तरंगतं. गार झालं की वर थर थिजतो, तो काढून मुठीत दाबायचा. मुठीत दाबून केलेला गोळा म्हणून नाव मुठेल. काही लोक नुसतं कोकमतेल म्हणतात. भातलावणीत दिवसचे दिवस चिखलात राबलेल्या पायांना भेगा पडल्या, थंडीत ओठ फुटले, की हा गोळा बाहेर निघायचा. जरा गरम करायचा आणि पातळ झालेलं तेल भेगेत सोडायचं.

गरम का करायचं, यात खरी गंमत आहे. बहुतेक तेलं ही वेगवेगळ्या फॅट्सची खिचडी असते, त्यामुळे ती हळूहळू मऊ होत जातात. कोकमतेलात मात्र एकाच प्रकारच्या रेणूचा मोठा वरचष्मा असतो: दोन बाजूंना स्टिअरिक आम्ल, मध्ये ओलेइक. म्हणून ते साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या खाली चक्क घट्ट असतं. पायाची त्वचा त्याहून बरीच थंड. म्हणजे गरम थेंब भेगेत आत उतरतो आणि तिथेच थिजून बसतो. लांबीच भरली म्हणा ना! ओलावा आत टिकतो आणि भेग भरायला वेळ मिळतो. यात जादू काही नाही. हे ज्यांनी शोधून काढलं त्यांना स्टिअरिक आम्ल माहीत नव्हतं, टाच माहीत होती.

आता थोडा इतिहास. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात हे आंबट फळ 'ब्रिंदाओ' म्हणून येतं. हा भिरंडचाच पोर्तुगीज अवतार. (कोकमाच्या 'गार्सिनिया' या कुळाचं नाव मात्र या गार्सियावरून नाही, लॉरां गार्सां नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आहे. क्विझवाल्यांनी नोंद घ्यावी :)) पुढे १८७४ साली लंडनमध्ये फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांचा 'फार्माकोग्राफिया' हा वनस्पतिजन्य औषधांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात कोकमाच्या बियांच्या तेलावर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच हा गोळा कोकणातल्या फडताळातून लंडनच्या ग्रंथात पोचला होता.

मग घोडं अडलं कुठे?

एक उत्तर अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनियात तेलविहिरींच्या सळ्यांवर एक चिकट मेण साचायचं. कामगारांना ते खरवडून काढायचा वैताग, पण भाजलं-कापलं की तेच जखमेवर फासायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या तरुण केमिस्टने ते शुद्ध केलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. तीच आपली व्हॅसलिन. काय योगायोग बघा, 'फार्माकोग्राफिया'च्या फक्त दोन वर्षं आधी! व्हॅसलिनसुद्धा मुळात कचराच. फक्त तो कचरा वर्षभर, हवा तितका आणि एकसारखा मिळायचा. कोकमाची बी वर्षातून एकदा मिळते. स्वस्त डबी घरोघर आली आणि मुठेल मागे पडलं.

दुसरं उत्तर पावसात आहे. रातांब्याचा हंगाम संपता संपता मृग येतो. घरी दोन टोपल्या बिया असतील तर माळ्यावर पसरून भागतं. कारखान्यात ढीगच्या ढीग पडतात, आणि अंगण आधीच सालींनी भरलेलं असतं. ओल्या बियांना बुरशी धरली की तेल बिघडलंच. बीच्या वजनात साधारण पाव हिस्सा तेल असतं हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न केमिस्ट्रीचा नाही, वाळवायला ऊन आणि जागा मिळण्याचा आहे.

आम्हा प्रोग्रामर लोकांना ही गोष्ट चटकन कळते. गार्बेज कलेक्शनमध्ये एखादी वस्तू मुळात कचरा असते म्हणून गोळा होत नाही. तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, की ती कचरा ठरते. कोकमाची बी तीच होती. तिच्याकडे बोट दाखवणारे हात कमी झाले, एवढंच.

ते बोट परत आलं ते बाहेरून. चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरं फॅट चालेल का, यावर युरोपात वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. २००० साली युरोपियन युनियनने नियम केला: ५ टक्क्यांपर्यंत सहाच वनस्पती फॅट्स चालतील. त्या सहांच्या यादीत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे! कारण तेच. नेमक्या तापमानाला वितळणारी, घट्ट, फारसा वास नसलेली फॅट्स जगात थोडीच आहेत. जे चॉकलेटला चालतं ते लिप बामलाही चालतं. आज कॉस्मेटिक्सच्या डब्यावर 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' लिहिलेलं दिसलं, तर ते आपलं मुठेलच. फक्त मशीनने काढलेलं, शुद्ध केलेलं आणि बारीक चकत्यांच्या रूपात विकलेलं.

यात वाईट काहीच नाही. मशीनने तेल जास्त निघतं, बी वाया जात नाही. मला खटकतो तो फक्त हिशेब. बी 'कचरा' म्हटली की तिची किंमत कचऱ्याचीच लागते. रातांबे वेचणारी, फोडणारी, पावसाशी शर्यत लावून बिया वाळवणारी बाई या साखळीत सगळ्यात अवघड काम करते, आणि डब्यावर 'आम्ही कचऱ्यातून सोनं केलं' असं श्रेय दुसराच घेतो. तिने ते आधीच केलं होतं. बी 'उत्पादन' म्हणून विकत घेतली, वाळवण्याचे पैसे वेगळे मोजले, तर बिया चांगल्या वाळून येतील आणि तेलही चांगलं निघेल. हा दानधर्म नाही, साधी क्वालिटी कंट्रोलची गोष्ट आहे.

असो. मे-जूनमध्ये कोकणात किंवा गोव्यात गेलात तर बाजारात मुठेल मिळतंय का विचारून बघा. दिसायला ओबडधोबड, पांढरट पिवळा गोळा असतो. पॅकिंग नाही, लेबल नाही. टाचांना लावायच्या आधी जरा गरम करायला विसरू नका.