स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि अमेरिकेतील जर्मन भाषक

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इंग्रजीत लिहिला गेला; परंतु तो संमत झाल्याची पहिली बातमी छापली ती एका जर्मन वृत्तपत्राने. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियात जाहीरनामा संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी हेन्रिख मिलर यांच्या ‘पेन्सिल्व्हानिशर श्टाट्सबोटे’ने ती वार्ता दिली. ९ जुलैच्या अंकात संपूर्ण जाहीरनाम्याचा जर्मन अनुवाद आला. पेन्सिल्व्हेनियाच्या लोकसंख्येत तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोक जर्मन होते. शेती आणि कारागिरी करणाऱ्या या लोकांना वगळून क्रांती उभी राहणे शक्य नव्हते.

तत्पूर्वी या समाजाकडे कसे पाहिले जात होते, हे बेंजामिन फ्रँकलिन यांच्या लेखनातून दिसते. अमेरिकेतील पहिले जर्मन वृत्तपत्र १७३२ मध्ये त्यांनीच काढले. ते अल्पजीवी ठरले. पुढे लोकसंख्यावाढीवरील १७५१ च्या निबंधात मात्र, इंग्रजांनी वसवलेली पेन्सिल्व्हेनिया परक्यांची वसाहत का व्हावी, असा प्रश्न त्यांनी केला. हे लोक आपली भाषा सोडणार नाहीत, ही त्यांची धास्ती होती. मानवी विवेक सार्वत्रिक मानणाऱ्या प्रबोधनयुगातील हा अग्रणी शेजाऱ्याच्या भाषेपाशी मात्र अडखळला.

१७७६ च्या जानेवारीत टॉमस पेन यांची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. राजसत्तेचा दावा सामान्य माणसाच्या बुद्धीवर घासून पाहावा, ही तिची भूमिका. म्हणूनच तिची भाषा पंडिती नाही. दाखले बायबलमधले, घराघरांत ठाऊक असलेले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या श्टाइनर आणि सिस्ट या मुद्रकांनी तिची जर्मन आवृत्ती काढली. यामागील तर्क सरळ होता. राज्याचा आधार प्रजेची संमती असेल, तर ज्याला संमती द्यायची तो विषय प्रजेला समजला पाहिजे. १७८७ मध्ये संविधानाचा मसुदाही पेन्सिल्व्हेनियात जर्मन भाषेत छापला गेला.

राज्य स्थिरावल्यावर हा तर्क क्षीण झाला. १७९४ मध्ये व्हर्जिनियातील ऑगस्टा परगण्याच्या जर्मन रहिवाशांनी प्रतिनिधिगृहाकडे अर्ज केला: संघराज्याचे काही कायदे जर्मनमध्येही छापावेत. १३ जानेवारी १७९५ रोजी त्यावरील चर्चा तहकूब करून पुढे चालू ठेवण्याचा ठराव ४१ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळला गेला. पुढे संघराज्याचे कायदे इंग्रजीतच प्रसिद्ध करण्याचे ठरले. या एका मतावरून कालांतराने दंतकथा रचली गेली, की जर्मन ही अमेरिकेची राजभाषा होता होता राहिली! तसा प्रस्ताव कधीच नव्हता.

ही दंतकथा निरुपद्रवी नाही. ‘आम्हांला लागू असलेला कायदा आम्हांला वाचता यावा’ एवढ्याच मागणीला ती ‘आमची भाषा तुमच्यावर राज्य करो’ असे रूप देते. अल्पसंख्य भाषकांच्या माफक अर्जाला वर्चस्वाचा दावा ठरवले, की तो नाकारणे सोपे जाते. अर्जदारांनी इंग्रजी हटवा असे म्हटले नव्हते. संमती मागताना ज्या भाषेत आमच्याशी बोललात, त्याच भाषेत कायदाही सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १७७६ च्या पुस्तिकांनी त्यांना शिकवलेलाच हा धडा होता.