हॉलंडांतील शाळांचा झगडा

ज्या बापाचीं मुलें सरकारी शाळेंत जात नाहींत, त्यानें भरलेल्या करांतून त्याच्या मुलांच्या शाळेसही वांटा मिळावा काय, या प्रश्नावर हॉलंड देशांत सुमारें सत्तर वर्षें वाद चालला.

सन १८४८ च्या राज्यघटनेनें तेथें शिक्षण देण्याची मोकळीक मिळाली. पैसा मात्र मिळाला नाहीं. १८६८ सालीं बिशपांनीं कॅथलिक मुलांस कॅथलिक शाळेंतच पाठवावें असें पत्र काढलें. तेव्हां गरीब मजुरानें करही भरावा आणि आपल्या शाळेचा भारही उचलावा, अशी स्थिति झाली. १८७८ सालीं मंत्री काप्पेन यांनीं इमारती व शिक्षक यांविषयीं कडक अटी घातल्या. अटी सर्व शाळांस, मदत मात्र सरकारी शाळांसच! तीन लाखांहून अधिक प्रॉटेस्टंट व दीड लाखांहून अधिक कॅथलिक लोकांनीं राजाकडे अर्ज केले. राजानें कायद्यावर सही केलीच.

या पराभवानेंच दोन जुने वैरी जवळ आले. कॅथलिकांचे पुढारी फादर स्खापमन हे धर्मगुरु व कवि. प्रॉटेस्टंटांचे कायपर हे पाळक. दोघांचे पक्ष एकत्र येऊन १८८८ ची निवडणूक जिंकले, व पुढच्याच वर्षीं खासगी शाळांस खर्चाचा कांहीं अंश मिळूं लागला. १९०० सालीं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ५० विरुद्ध ४९ मतांनीं संमत झाला. विरोधी पक्षाचे एक सभासद घोड्यावरून पडल्यामुळें मत देण्यास येऊं शकले नव्हते! परंतु सक्ति आल्यावर पैशाचा प्रश्न अधिकच बोचूं लागला.

अखेर १९१७ सालीं तडजोड झाली. उदारमतवादी व समाजवादी यांस सर्व पुरुषांच्या मताधिकाराची मागणी मिळाली, धार्मिक पक्षांस शाळांची समानता. १९२० च्या कायद्यानें ती अमलांत आली. शिक्षकांचे पगार सरकार देऊं लागलें, व इतर खर्च मुलांच्या संख्येप्रमाणें मिळूं लागला. त्याबरोबर तपासणी आणि शिक्षणाच्या दर्जाच्या अटीही आल्या. त्या टाळण्याची आशा कोणी धरली असल्यास ती व्यर्थ होती.

आज तेथील प्राथमिक शाळांतील सुमारें दोन तृतीयांश मुलें खासगी शाळांत आहेत. याची किंमतही मोठी पडली. शाळा, वर्तमानपत्र, कामगारसंघ, सारें पंथवार विभागलें, आणि एकाच गल्लींतील मुलें अनेक दशकें एकमेकांस परकीं राहिलीं. हा दोष लहान नव्हे. तरी तो हक्क एका पंथापुरता उरला नाहीं, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें: सरकारी खर्चानें चालणाऱ्या पहिल्या मुसलमान व हिंदु प्राथमिक शाळा तेथें १९८८ सालीं याच कलमाच्या आधारें उघडल्या, आणि त्या हिंदु शाळेंत बसलीं तीं सुरिनामहून आलेल्या भारतवंशीयांचीं मुलें.