हिरव्या गर्भजलाचा धडा

‘बाळाने पोटातच शी केली,’ असे सुईणीच्या तोंडून निघाले की बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या आप्तांच्या काळजात धस्स होते. ही भीती निराधार नाही. अर्भकाच्या त्या पहिल्या काळ्या, चिकट मळास ग्रीकांनी अफूच्या चिकावरून नाव दिले. त्यावरूनच ‘मेकोनियम’ हा शब्द आला.

शंभरांपैकी सुमारे दहा ते पंधरा प्रसूतींत हा मळ जन्मापूर्वीच गर्भजलात मिसळतो व पाणी हिरवट होते. दिवस उलटून गेले असता हे अधिक घडते. पुष्कळदा ते आतडी परिपक्व झाल्याचेच लक्षण असते. परंतु कित्येकदा गर्भास प्राणवायू कमी पडत असल्याची ती खूण ठरते. गुदमरलेला गर्भ खोल श्वास ओढतो आणि मळ फुप्फुसांत उतरतो. तेथे तो वायुमार्ग अडवितो, दाह उत्पन्न करतो आणि काही बाळांच्या जिवावर बेतते.

मग हा मळ पहिल्या श्वासाआधीच शोषून काढला तर? १९७४ व १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी या विचारास बळ दिले. डोके बाहेर येताच नाक-तोंड साफ करावे, पाठोपाठ श्वासनलिकेत नळी घालावी, असा शिरस्ता पडला. युक्तिवाद इतका सरळ होता की त्याची काटेकोर कसोटी लागण्यास पाव शतक जावे लागले.

२००० साली विस्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,०९४ सशक्त बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. नळीने लाभ दिसला नाही. २००४ साली मुख्यतः अर्जेंटिनातील रुग्णालयांत २,५१४ बाळांवर झालेल्या तुलनेत, खांदे बाहेर येण्यापूर्वी केलेले शोषणही निष्फळ ठरले. राहिली निपचित जन्मणारी बाळे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत अशा १२२ बाळांचा अभ्यास झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही नळीचा फायदा आढळला नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने हा सरसकट शिरस्ता सोडला.

बाळ जोमाने रडत असेल तर ते आईजवळ द्यावे. निपचित असेल तर पुसून, ऊब देऊन, विनाविलंब मुखवट्याने श्वास द्यावा. वायुमार्ग खरोखर तुंबला असेल तेव्हाच नळी. मळ काढण्याच्या घाईत श्वासाचा पहिला मिनिट गमावू नये, आणि प्रसूती चालू असताना गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांवरील लक्ष ढळू देऊ नये, एवढे या अर्धशतकाने शिकविले आहे.